स्तेर्गियोसचा हात

हे खरं घडलंय. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. त्या दिवसाचे आकडे माझ्या वहीत आहेत, अजूनही.

रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ग्रीसमधलं व्होलोस, बंदरामागच्या गल्लीतलं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. माझा थोरला भाऊ स्तेर्गियोस जाऊन अडतीस दिवस झाले होते.

त्याने बावीस वर्षं बंदरावर व्हिडिओ गेमचं दुकान चालवलं. मग स्नायूंचा आजार झाला. आधी पाय गेले. हात राहिले होते, पण जोर नव्हता. दुकानातल्या खेळांचे जुने दांडे, म्हणजे जॉयस्टिक, त्याला हलवता येईनात.

म्हणून मी त्याच्यासाठी घरीच एक पेटी बनवली. दोन दांडे, दोघांसाठी बटणं, संगणकाला जोडायची एक वायर. दांडे मुद्दाम प्रकाशावर चालणारे घेतले. त्यांच्या आत टक् वाजणारा खटका नसतो. डोळ्यांना न दिसणारा एक किरण असतो. दांडा कलला की किरण तुटतो, आणि पडद्यावरचा माणूस त्या बाजूला चालतो. एका बोटाचा जोर पुरतो.

मात्र खटक्याला वीज लागत नाही. किरणाला लागते. पाच व्होल्ट.

"मास्तरीणबाई, हा मुका आहे," पहिल्याच दिवशी स्तेर्गियोस म्हणाला. "टक् ऐकू आल्याशिवाय मी हात हलवला हे मला कळणार कसं?"

"पडद्यावर बघ की."

"पडद्यावर मी मार खाताना दिसतोय. तेही तुझ्याकडून! आता खरंच डॉक्टर बदलायला हवा."

रोज संध्याकाळी आम्ही खेळायचो. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, पन्नाशीला आलात दोघं! सूप गार होतंय." तो एका हाताने खेळायचा आणि दुसऱ्या हाताने स्वतःच सूप प्यायचा. चमचा हळू जायचा, पण जायचा.

मे महिन्यात मी बटणांना रंगीत दिवे लावले. त्याला आवडतील म्हणून.

दोन दिवसांनी तो म्हणाला, "पोली, हा आपोआप डावीकडे जातोय."

"आपोआप काही जात नसतं."

"अगं, मी नुसता हात ठेवलाय दांड्यावर."

"तेच म्हणतेय मी. हात थरथरतोय तुझा."

मी संगणकावर तपासणीचा पडदा लावला. त्यावर चार बाण. ज्या बाजूचा किरण तुटेल तो बाण उजळतो. मी वर्गात सांगते तसं सांगत गेले.

"डावीकडे. धर. सोड. उजवीकडे. धर. सोड."

त्याने सोडल्यावरही डावा बाण लुकलुकत राहिला.

हात दांड्यावरून पूर्ण उचल… एवढं एकच सांगायचं राहिलं.

"बघ," मी म्हणाले. "उजेड खोटं बोलत नाही, स्तेर्गियोस."

आई दारात उभी राहून बघत होती.

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मग तो हात त्याने मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आई त्याला भरवू लागली. त्याने पुन्हा चमचा धरला नाही. पेटीलाही हात लावला नाही. सप्टेंबरमध्ये तो गेला.

अडतिसाव्या दिवशी मी पेटी उघडली. अपंगांच्या केंद्राला द्यायची होती, त्याआधी तपासायची होती. आई पलीकडच्या खोलीत झोपली होती. दुपारच्या त्या वेळेला आमची अख्खी इमारत गप्प असते.

मीटर लावला. संगणकाच्या टोकाला पाच. माझ्या दांड्यापाशी चार पूर्णांक आठ.

त्याच्या दांड्यापाशी… तीन पूर्णांक नऊ.

मी तीनदा मोजलं.

वेगळी तार ओढायचा मला कंटाळा आला होता. एकाच बारीक तारेवर मी आधी माझा दांडा जोडला, मग दिवे, आणि सगळ्यांत शेवटी त्याचा. दिवे लागले की त्याच्या वाट्याला उरलेली वीज यायची. किरण मंद व्हायचा. आणि मंद किरण आतल्या सर्किटच्या पट्टीला तुटल्यासारखाच वाटतो.

मी दोन्ही हात मागे घेतले.

तपासणीच्या पडद्यावर डावा बाण लुकलुकत होता.

त्याचा हात चांगला होता. त्या दिवशी तरी चांगला होता.

मी रडले नाही. मी जाड तार घेतली, त्याच्या दांड्याला वेगळी वीज दिली, जोड पुन्हा डाखले. चार पूर्णांक नऊ. बाण विझला. आकडा वहीत लिहिला.

लिहीत असताना…

डावा बाण उजळला.

लुकलुकला नाही. स्थिर उजळला. दोन सेकंद. मग विझला.

दांडा सरळ उभा होता. जराही हलला नव्हता.

मी कारण शोधलं. टेबलाशेजारच्या फळीवर स्तेर्गियोसच्या फोटोपुढे तेलाचा दिवा जळत होता. ज्योतीतूनही तो न दिसणारा प्रकाश निघतो. पेटीचं झाकण उघडं, तोंड दिव्याकडे. तोच उजेड आत शिरून गोंधळ करत असणार.

तो दिवा चाळीस दिवस विझू द्यायचा नसतो. गेलेल्याला वाट दिसावी म्हणून. आई रात्री दोनदा उठून तेल घालायची.

मी तो दोन बोटांनी विझवला.

फक्त खात्री करायला.

खोलीत जळक्या वातीचा वास पसरला. मी पडद्याकडे पाहिलं. काही नाही.

काही नाही…

डावा बाण.

मी त्याच्या दांड्याची वीजच काढून टाकली. विजेच्या आणि खुणेच्या, सगळ्या तारा उपटून टेबलावर ठेवल्या. मीटर लावला. शून्य. आता त्या दांड्यातून कसलीही खूण येणं शक्य नव्हतं.

डावा बाण उजळला. दोन सेकंद. विझला.

उजवा. दोन सेकंद. विझला.

वरचा. खालचा.

एकही बाण थरथरला नाही.

डावीकडे. धर. सोड. उजवीकडे. धर. सोड… मे महिन्यातली माझीच तपासणी होती ती. तो पहिल्यापासून पुन्हा देत होता. अचूक.

आणि मग पेटीतून आवाज आला. ज्या पेटीत एकही खटका नाही, तिच्यातून.

…टक्.

"पोली?" आई दारात उभी होती. "दिवा कोणी विझवला?"

"वाऱ्याने गेला."

तिने खिडक्यांकडे पाहिलं. सगळ्या बंद होत्या. तिने काडी पेटवून दिवा पुन्हा लावला.

चाळिसाव्या दिवशी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर मी उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटत होते. आई शेजारणींना सांगत होती, "सुटला बिचारा. मे महिन्यातच हात गेला होता त्याचा. आमच्या पोलीने यंत्रावर दाखवलं ना."

"पोलीला कळतं बाई," एक शेजारीण म्हणाली. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या हातात ताट होतं. मी होकारार्थी मान हलवली.

ताटाखालून, अगदी माझ्या तळहाताशी…

टक्.

इतर कोणालाच ऐकू आलं नाही.

पेटी मी केंद्राला दिली नाही. ती माझ्या कपाटात आहे. तारा कापलेल्या आहेत. दर रविवारी मी मीटर लावते. शून्य येतं. कारण मला सापडलेलं नाही. पण कोणी स्तेर्गियोसच्या शेवटच्या महिन्यांबद्दल विचारलं आणि मी गप्प राहिले, की तो आवाज येतो. मी कुठेही असले तरी. एकदाच.

हे लिहीत असताना अजून आलेला नाही. तार माझी चुकली होती, हे मी पहिल्यांदाच लिहितेय. कदाचित म्हणून.

पलीकडच्या खोलीत आई जागी झालीय. विचारतेय, "पोली, काय लिहितेस गं एवढं?"

"काही नाही, आई."

…