शेवटचा बदल

दिवे गेले तसे पुतणे काकांना बिलगून बसले. काका उगाच चष्मा पुसत राहिले. म्हणाले, खरं मानायचं की नाही, मलाही नीट सांगता यायचं नाही. पण माणूस माझ्या ओळखीचा आहे.

तो रक्तपेढीत संगणक सांभाळायचा. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रक्ताच्या नोंदींचा जुना डेटाबेस बंद व्हायचा होता. त्यात तिथल्या लोकांनी स्वतः लिहिलेली फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करून देणारे छोटे प्रोग्राम, कोणती, कोणाची, याची यादी सकाळी साहेबांना हवी होती. साधं काम. क्वेरी चालवली की नावं येतात आणि शेजारी शेवटचा बदल कधी झाला ते. लिहिणाऱ्याचं नाव आत, पहिल्या ओळीत.

रक्ताची कोणती पिशवी आधी वापरायची, हे सांगणारं फंक्शन दादांचं. याला हाताला धरून शिकवणारे दादा. ते वारले आणि यानं त्या ओळीत गुपचूप स्वतःचं नाव घातलं. शाबासकीही घेतली.

त्या गुरुवारीच दुपारी दादांची बायको आली होती. "भावजी, ह्यांच्या हातचं काही राहिलंय का इथे? लेकीला दाखवीन म्हणते."

"नाही, वहिनी." वर चहा पाजून तिला वाटेला लावलं.

रात्री यादी आली. प्रत्येक फंक्शनपुढे शेवटचा बदल... आत्ताचा.

इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. यानं एक फंक्शन उघडलं. याचं नाव. दुसरं उघडलं. याचंच. दादांची, इतरांची, सगळी... याच्याच नावावर.

जणू कोणी म्हणत होतं, घे. सगळंच घे.

याचे कान तापले. दादांच्या फंक्शनमध्ये दादांचं नाव टाइप केलं. सेव्ह केलं. उघडलं.

याचंच.

पुन्हा...

याचंच.

यानं मशीन बंद केलं, खोलीला कुलूप लावलं आणि थेट वहिनींचं दार गाठलं. उंबऱ्याबाहेरूनच, मान खाली घालून, सगळं सांगितलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "आणि वर चहा पाजलात."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मग?" थोरल्यानं विचारलं.

"सकाळी मशीन यानंच सुरू केलं. ज्याची त्याची नावं जागेवर. तारखाही जुन्याच. फक्त दादांच्या त्या एका फंक्शनपुढे... रात्रीचे अकरा वीस."

"कोणी बाहेरून बदललं असेल, काका."

"अकरा वीसला हा वहिनींच्या दारात उभा होता," काका हळूच म्हणाले. "मशीन बंद होतं रे."