विनोदाच्या आधी हसणारा माणूस

तो विनोद यायच्या आधीच हसला, आणि तिथेच मेरिमच्या मनात पाल चुकचुकली.

दुपारचा खेळ होता. बिश्केकमधल्या त्या जुन्या थिएटरात मोजून अकरा माणसं, त्यातला हा एक तिच्या बरोब्बर मागच्या रांगेत. पडद्यावर 'पाहुणे निघतच नाहीत' चालू होता. पाहुणे चौथ्यांदा बूट घालून दारात उभे होते, आणि यजमान काहीतरी बोलण्यासाठी नुसता श्वास घेत होता. एवढ्यात मागून खो-खो हसण्याचा आवाज! त्यानंतर मग यजमान म्हणाला, "अहो, निदान चहा तरी घ्या," आणि सगळ्या पाहुण्यांनी पुन्हा बूट काढले, तेव्हा कुठे उरलेली माणसं हसली.

जो आधी हसतो, त्याने सिनेमा आधी पाहिलेला असतो. आणि असा सिनेमा पैसे मोजून दोनदा कोण बघेल? ज्याला हसायचा पगार मिळतो, तोच! मेरिमने अंधारातच वहीत नोंद केली – 'मागे निर्मात्याचा माणूस.'

तिला संशय घ्यायचा पगार मिळत नव्हता, पण ते काम ती अगदी मनापासून करायची. त्याला कारणही होतं. एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी तिच्या टीव्ही वाहिनीवर कोणता नवा विनोदी सिनेमा दाखवायचा, हे यंदा तिला ठरवायचं होतं. गेल्या वर्षी हे काम तालायकडे होतं. त्याने निवडलेल्या सिनेमाचा निर्माता चार पिढ्यांवरच्या आजोबांच्या नात्याने त्याचा भाऊ निघाला. तालायला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं, पण ऐकतो कोण? नात्यागोत्याचा वशिला म्हणून बोंबाबोंब झाली आणि तालाय घरी बसला.

सिनेमा संपला. बाहेर अर्धा पाऊस, अर्धा बर्फ असं काहीतरी पडत होतं. मेरिम दारातच थबकली... आणि बाजूला तोच माणूस. उंच, उन्हाने रापलेला चेहरा, डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या. वय मात्र तिशीच्या आतलं.

"तुम्ही एकदाही हसला नाहीत," तो म्हणाला.

"तुम्ही माझ्या वाटचंही हसलात की. कितव्यांदा बघताय?"

"तिसऱ्यांदा." तो जरासा ओशाळला. "माझं काम आहे ते."

सापडला! मेरिमने मनातल्या मनात टाळी वाजवली. "काम? म्हणजे काय करता?"

"वर डोंगरात, खिंडीपाशी हवामान केंद्र आहे. हिवाळाभर आम्ही चौघं तिथे. वीज असते ती यंत्रांपुरती. सिनेमा बघायला मिळत नाही, म्हणून रस्ता बंद व्हायच्या आधी मी खाली येऊन बघून जातो आणि वर गेल्यावर सांगतो. नीट सांगायचा तर तीनदा बघावा लागतो." त्याने डोक्यावरची टोपी काढली. तिच्या डोक्यावर ठेवायचा त्याचा बेत होता बहुतेक, पण धीर झाला नाही आणि टोपी हातातच राहिली. "मी बेकतुर."

मेरिमला वाटलं, थाप तरी जरा कमी सुंदर मारायची ना! इतकी छान गोष्ट खरी असूच शकत नाही.

चार दिवसांनी तो पुन्हा भेटला. योगायोगाने म्हणे. थिएटरशेजारच्या सामसाच्या, म्हणजे मांस भरलेल्या तंदुरी समोशांच्या दुकानात, गरम तंदुरापाशी हात शेकत उभा. त्या दिवशी 'ड्रोनवाली सासू' लागला होता, आणि मेरिमला तो मनापासून आवडत होता.

"हा टिकणार," ती मुद्दामच म्हणाली. बघू या तर, प्रतिस्पर्ध्याच्या सिनेमाबद्दल हा काय बोलतो.

"छे! पाच वर्षांनी ड्रोन म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागेल."

"सासू म्हणजे काय, ते नाही ना सांगावं लागणार?"

तो इतका हसला की सामसाचं वाफाळतं सारण त्याच्या बाहीवर सांडलं. तिने नकळत आपला रुमाल पुढे केला आणि लगेच स्वतःवरच चिडली.

"ऐका," बाही पुसत तो म्हणाला, "डिसेंबरात आमच्याकडे सगळेच सिनेमे चालतात. जानेवारीतही चालतात. खरी परीक्षा फेब्रुवारीत. बाहेर बर्फ दारापर्यंत आलेला, चौघं एकमेकांना कंटाळलेले. तेव्हा जो सिनेमा 'पुन्हा सांग रे' म्हणतात ना, तो टिकतो. 'पाहुणे' टिकेल. आम्हाला तर पाहुणे येतील आणि जाणारच नाहीत, हे स्वप्नच वाटतं."

"आमची परीक्षा वेगळी," मेरिम म्हणाली. "एकतीस तारखेला सगळं शहर सॅलडसाठी बटाटे-गाजरं चिरत बसलेलं असतं. टीव्ही पाठीमागे चालू. मान वर न करता, हातातली सुरी न थांबवता ज्याला माणसं हसतात, तो टिकतो."

"म्हणजे तुमच्याकडेही न बघता, आणि आमच्याकडेही न बघता..."

आणि न बघण्याबद्दल बोलत असताना दोघं एकमेकांकडे फारच वेळ बघत राहिले. तेवढ्यात तिला रिकाम्या टेबलावरची तालायची फुलझाडाची कुंडी आठवली, आणि तिने घाईघाईने बस पकडली.

त्या संध्याकाळी तिने यादीतून 'पाहुणे निघतच नाहीत' खोडून टाकला. त्याने वाखाणला ना, म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं!

तरीही ती भेटत राहिली. माणसावर नजर ठेवायची तर भेटावं लागतंच, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे मात्र नजर ठेवूनही तिला कळलं नाही. वाहिनीत कामाला आहे, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं. काय काम, ते त्याने कधी विचारलं नाही. हेही तिला संशयास्पदच वाटलं. आधीच माहीत असल्याशिवाय कोणी विचारायचं राहतं का?

आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी, बागेतल्या बाकावरचा बर्फ हाताने झटकता झटकता तो अचानक म्हणाला, "मेरिम... तुझे सात आजोबा कोण?"

बापापासून वर सात पिढ्यांची नावं इथे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. पण ती विचारतं कोण? म्हातारे विचारतात, लग्नं जुळवणारे विचारतात. आणि विचारतात ते वशिला शोधणारे! 'अगं, म्हणजे तू आमचीच की!' म्हणायचं आणि मग हळूच काम सांगायचं. तालायचा घात असाच झाला होता.

ठीक आहे, तिने मनाशी म्हटलं. लावते सापळा.

तिने धडाधड सात नावं म्हणून टाकली. पण ती तिची नव्हतीच! ती होती शेजारच्या टेबलावरच्या गुलसून एजेंची. एजे म्हणजे थोरली बहीण. पन्नाशीच्या गुलसूनला सगळं ऑफिस एजेच म्हणायचं. आणि आपले पूर्वज त्या फोनवर इतक्यांदा ऐकवायच्या, की शिपायालाही ते पाठ होते.

बेकतुरने वही काढली आणि सातही नावं जपून लिहून घेतली. लिहून घेतोय! मेरिमला आता पुराव्याची गरजच उरली नाही. फक्त घरी जाताना तिला उगीचच रडू येत होतं.

दोन दिवसांनी तो वाहिनीच्या फाटकाशी उभा होता. हातात संत्र्यांची पिशवी, चेहरा पार उतरलेला.

"पाचव्या नावावर जुळतंय," तो म्हणाला. "बोरुबाय. तुझेही आणि माझेही. मी काकांना तीनदा विचारलं."

"अरे वा!" मेरिम हाताची घडी घालून उभी राहिली. "म्हणजे तू माझा भाऊ निघालास. मग बोला भाऊ, काय काम काढलंत?"

"काम?"

"सिनेमाचं. बोल ना आता, लाजतोस कशाला?"

"कोणता सिनेमा?"

त्याने ते इतक्या भाबडेपणाने विचारलं की मेरिमच्या हाताची घडी आपोआप सुटली.

"मेरिम, काम काही नाही. उद्या सकाळी नऊच्या गाडीने वर चाललोय. बर्फामुळे रस्ता बंद व्हायच्या आत पोचायला हवं." त्याने पिशवी तिच्या हातात दिली. "वाटलं होतं, नसेल जुळत... मग मार्चमध्ये खाली आलो की रीतसर तुझ्या घरी माणसं पाठवणार होतो. आता तुला बहीण म्हणायला हवं. पण ते माझ्याने होत नाही. म्हणून जातो."

आणि तो गेला. मागे वळून न बघता, बर्फाच्या चिखलातून, टोपी हातातच धरून.

मेरिम फाटकाशी संत्री घेऊन उभी राहिली. सात आजोबा तो वशिल्यासाठी विचारत नव्हता, लग्नासाठी विचारत होता. सातांत एकही नाव जुळलं, तर लग्न होत नाही. तो नातं शोधत होता ते नातं निघू नये म्हणून! ज्याला ती फसवणारा समजत होती, त्याने तिला एकही थाप मारली नव्हती. खोटं बोलली होती ती स्वतः. तेही आजोबांच्या नावाने.

वर येऊन तिने गुलसून एजेंना सगळं सांगितलं. एजेंचा चहा घशातच अडकला.

"माझे आजोबा उसने दिलेस? अगं, विचारायचं तरी!"

"एजे, हसू नका ना... फोन लावते तर बंद येतोय."

"आणि फोनवर काय सांगणार होतीस? बाप बदललेत म्हणून?" एजेंनी डोळे पुसले. "थांब, पाचव्यावर जुळतं म्हणजे तो नात्याने माझा भाऊ, वयाने भाचा! त्याच्या काकांचा नंबर मी आमच्या नात्यागोत्यातून काढते. आणि या कागदावर तुझी खरी नावं लिही. आमच्या घराण्यात सून आणायची तर मला आधी बघायला नको?"

मेरिमने लिहिली. एजेंनी चष्मा लावून एकेका नावावर बोट ठेवलं आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

पण आणखी एक अन्याय निस्तरायचा राहिला होता. मेरिम खाली कँटीनमध्ये गेली. तिथे पाचजणी उद्याच्या जेवणासाठी बटाटे सोलत होत्या. तिने त्यांच्या पाठीमागे आधी 'ड्रोनवाली सासू' लावला. बायका दोनदा हसल्या आणि चारदा 'काय झालं गं?' म्हणत मागे वळल्या. मग 'पाहुणे निघतच नाहीत' लावला. एकीनेही मान वर केली नाही. बटाट्यांची सालं पडत राहिली आणि पाचहीजणी हसून हसून हैराण. बुटांच्या प्रसंगाला तर एकजण यजमानाच्या आधीच ओरडली, "म्हणणार बघ आता चहा घ्या!" आणि मेरिम... मेरिमही आधीच हसली.

तिने यादी काढली, खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं आणि खाली सही केली. आजोबांच्या भानगडीशिवाय, निव्वळ बटाट्यांच्या साक्षीने.

दुसऱ्या दिवशी नऊला दहा मिनिटं कमी असताना ती धापा टाकत गाडीतळावर पोचली. बेकतुर मिनीबसच्या दारापाशी उभा होता, पायाशी दोरीने बांधलेलं सामान.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "ती नावं माझी नव्हती. मला वाटलं तू कुणाचा तरी हस्तक आहेस. तू विनोदाच्या आधी हसतोस, तू लिहून घेतोस, तू... तू फारच चांगला आहेस, म्हणून मला खरं वाटेना. आता खरी सांगते. नंतर हवं तर गाडीत बस आणि जा."

"सांग."

तिने कोट सारखा केला. "तुरात. असानाली. मामितबेक. चोकोय..." त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. "इसाबेक. ओरोझ. केल्..."

तो हसला. तोच खो-खो आवाज, खिडकीतल्या म्हातारीने वळून बघावं असा.

मेरिम थांबली. तिचे डोळे बारीक झाले. "एक मिनिट. सातवं नाव अजून आलेलंच नाही. तू का हसलास?"

"उगीच."

"बेकतुर! तू हे आधी ऐकलंयस."

"दोनदा," त्याने कबूल केलं. "काल संध्याकाळी एकदा, आज सकाळी एकदा. नव्या आत्याने काकांच्या फोनवर वाचून दाखवली. म्हणाली, खोटं तिने सांगितलंय, खरंही तिलाच येऊन सांगू दे. तू तोंडातून ब्र काढायचा नाहीस."

"आणि... जुळतात?"

"एकही नाही!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की ड्रायव्हरने हॉर्न वाजवून दाद दिली. "मेरिम, सातांपैकी एकही नाही! इतके परके आहोत आपण, इतके परके..."

त्याने हातातली टोपी या खेपेस खरोखरच तिच्या डोक्यावर ठेवली. कानांवरून खाली ओढताना त्याची थंडगार बोटं तिच्या गालाला लागली, आणि तिने मान बाजूला केली नाही.

ड्रायव्हरने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. ही दाद नव्हती.

"वर गेल्यावर मी हीच गोष्ट सांगणार," सामान उचलत तो म्हणाला. "विनोदाच्या आधी हसणाऱ्याची आणि उसन्या आजोबांची. फेब्रुवारीत ते तिघं विचारतील, पुढे काय झालं? काय सांगू?"

"सांग, मार्चमध्ये रस्ता उघडला तेव्हा ती पहिल्या गाडीने खिंडीपाशी येऊन उभी होती." तिने डोक्यावरच्या टोपीला हात लावला. "टोपी परत द्यायला."

"आणि त्याने परत घेतली?"

"ते मला काय माहीत? मी अजून पाहिलेला नाही तो भाग."

तो गाडीत चढला. दार लागलं, गाडी हलली आणि त्याचा चेहरा वाफाळलेल्या काचेमागे पुसट झाला. तेव्हा मेरिमला आठवलं, की आपलं एक नाव अर्धंच राहिलंय. ती गाडीबरोबर चार पावलं धावली आणि सगळ्या गाडीतळाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"केल्दिबाय!"