शिट्टी मारणारी गाडी

शिट्टी ऐकू आली आणि ती जागच्या जागी थांबली.

सिग्नल लाल होता. भर दुपार. तिच्या खांद्यावर गॅस्केटचा गठ्ठा, हातात तेलाचा कॅन, आणि कपाळावर काळा पट्टा... तिला अजून त्याचा पत्ता नव्हता. अशा अवतारातल्या मुलीवर शिट्टी मारणारा एक तर फार धीट असणार, नाहीतर फार रिकामटेकडा. फुटपाथवरच्या दोन काकूंनीही माना वळवून त्या निळ्या, बुटक्या, दोन दारांच्या गाडीकडे पाहिलं. आत एक तरुण बसला होता आणि चोरी पकडली गेल्यासारखा सीटमध्ये खाली खाली सरकत होता.

ती तरातरा गाडीपाशी गेली. काय बोलायचं ते चालता चालता ठरवलंही होतं. पण खिडकीशी वाकून पाहते तर त्याचे ओठ घट्ट मिटलेले, आणि शिट्टी मात्र चालूच. बारीक, एकसुरी, बॉनेटच्या पोटातून येणारी.

"मी नाही मारत," तो घाईनं म्हणाला. "शप्पथ. गाडी मारतेय."

"कळलं मला." तिचा राग कधीच उतरला होता, त्या जागी भलतीच उत्सुकता आली होती. "कधीपासून?"

"दोन महिने. तीनदा बोलणी खाल्लीत... एकदा तर एका आजोबांची."

तिला हसू आवरेना. तेवढ्यात दिवा हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट सुरू केला, आणि तिनं तेलाच्या कॅननंच त्याला दिशा दाखवली : पुढे डावीकडे, तिसरं शटर, पोचा.

तिसरं शटर तिच्या वडिलांचं होतं. महिन्यापूर्वी ते शिडीवरून घसरले होते आणि उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं होतं. तेव्हापासून ते दाराजवळच्या खुर्चीत बसत, हात झोळीत अडकवून, आणि आलेली मोठी कामं परत पाठवत. ब्रेक, तेल, पंक्चर एवढंच लेकीनं करायचं. हात नीट झाला नाही तर गॅरेज मित्राला देऊन टाकायचं, हेही त्यांनी तिला सांगून टाकलं होतं. नऊ वर्षं ती त्यांच्या बरोबरीनं इंजिनं उघडत होती, पण त्यांच्या लेखी ती अजून शिकत होती. हे शिकणं संपतं कधी, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

निळी गाडी आत आली. तिनं बॉनेट उघडलं आणि गळती शोधायचा स्प्रे हातात घेतला. कुठूनतरी हवा ओढली जात होती हे नक्की, पण कुठून? तो बाजूला उभा राहून बघत होता. मग त्यानं जरा चाचरतच विचारलं, "मी ऐकून बघू?"

त्यानं पिशवीतून हातभर लांब रबरी नळी काढली. एक टोक कानाला लावलं, डोळे मिटले आणि दुसरं टोक इंजिनावरून हळूहळू फिरवलं. एखाद्या झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकावा, तसं. "इथे," तो म्हणाला. "तिसऱ्या नळीच्या मुळाशी."

तिनं नेमका तिथे स्प्रे मारला. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला; गळती तिथेच होती.

तेव्हा तिनं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

तो वाद्यं दुरुस्त करायचा. बासऱ्या, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, जे जे फुंकून वाजतं ते सगळं. हवा कुठून निसटते ते शोधणं हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. गाडीतही तसंच निघालं होतं. बाहेरची हवा इंजिनात नेणारा नळ्यांचा जुडगा असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. या गाडीचा सहा नळ्यांचा, प्लॅस्टिकचा होता आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तडकला होता. बदलण्यावाचून इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एक जडशीळ खोकं घेऊन आला. गाडी त्याच्या आत्याची होती. एके काळी आत्यानं ती घाटातल्या शर्यतींत पळवली होती, आणि नजर अधू झाली तेव्हा किल्ली भाच्याच्या हातात ठेवून तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती. खोक्यात ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड होता, मुद्दाम शर्यतीसाठी बनवलेला. ज्या शर्यतीसाठी आणला तीच रद्द झाली आणि तो अकरा वर्षं माळ्यावर पडून राहिला. बसवायचा तर हाच, असं आत्याचं म्हणणं होतं, आणि अर्धवट शिकलेल्या हातांनी त्याला शिवायचं नाही.

ती त्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवत राहिली. हात शिवशिवायला लागले. वडिलांनी खुर्चीतूनच मान हलवली. असलं काम आपण सध्या घेत नाही, म्हणाले.

"मी करते," ती म्हणाली.

"आणि बिघडलं तर?"

"तर मित्राला किल्ल्या द्या. मी अडवणार नाही."

वडिलांनी प्लॅस्टरकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची उचलायला सांगितली आणि ती गाडीपासून चार हातांवर मांडून घेतली. याचा अर्थ होकार असा तिनं घेतला.

तोही थांबला. हात लावायचा नाही, या अटीवर. वेळ फुकट जाऊ नये म्हणून त्यानं बरोबर एक क्लॅरिनेट आणलं होतं, पण त्याच्या भोकं झाकणाऱ्या चिमुकल्या गाद्या बदलण्यापेक्षा त्याचं लक्ष बॉनेटखालीच जास्त होतं. आणि प्रश्न तरी किती... बॅटरीची तार आधी का काढायची? पेट्रोलच्या नळीतला दाब का सोडायचा? बोल्ट ढिले करताना टोकांकडून आत का यायचं? सुरुवातीला ती एका शब्दात उत्तरं देत होती. दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं की आता ती पाना बाजूला ठेवून, हातवारे करून सांगतेय.

नव्या नळ्या जुन्यांपेक्षा आखूड का, हेही त्यानं विचारलं. लांब नळी कमी वेगात चांगलं ओढते आणि आखूड नळी इंजिन जोरात फिरू लागलं की, असं तिनं सांगितलं तसा तो खुलला. बासरीचंही असंच, म्हणाला, लांब बासरी खालच्या सुरांची, आखूड वरच्या. आत्याला खालच्या सुरांत कधी गोडीच नव्हती.

"तुम्ही अडलात की जिभेचं टोक दातांत धरता," तो मध्येच म्हणाला.

"मी अडलेली नाही."

"मग आत्ता का...?"

"गाडीकडे बघा," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली. कान तापले होते. ते इंजिनाच्या उष्णतेनं, असं म्हणायची सोय नव्हती. इंजिन सकाळपासून गार होतं.

जुना जुडगा निघाला तशी खाली सहा तोंडं उघडी पडली. एखादा नट त्यात पडला तर इंजिन गेलंच म्हणायचं. तिनं प्रत्येक तोंडात एकेक स्वच्छ फडकं खोचलं, खरडून खरडून पृष्ठभाग आरशासारखा केला, मधली फट बंद करणारं नवं गॅस्केट ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फडकी काढून मॅनिफोल्ड बसवला. बोल्ट आता मधून टोकांकडे, थोडेथोडे, तीन फेऱ्यांत आवळायचे. शेवटच्या फेरीला मोजून ताकद लावणारा पाना प्रत्येक बोल्टवर 'टक' करायचा आणि तो प्रत्येक 'टक'ला नकळत मान डोलवायचा. वडील खुर्चीतून प्रत्येक बोल्ट बघत होते. त्यांनी चूक काढली नाही म्हणजे चूक नव्हती.

काम संपलं. ती हत्यारं पुसायला वळली, ट्रेमधली फडकी उचलली, आणि मोजली.

पाच.

पुन्हा मोजली. ट्रेखाली, गाडीखाली, कोपऱ्यात, खिशात पाहिलं. पाचच. घाईत एक आतच राहिलं असेल, तर गाडी चालू करताच इंजिन ते गिळणार. कुणाला काही कळलेलं नव्हतं. सहावं बहुतेक उडून पडलं असेल, अशी मनाची समजूतही घालता आली असती. पण त्या 'बहुतेक'वर आत्याचं अख्खं इंजिन टांगायचं?

"एक फडकं कमी आहे," ती वडिलांच्या देखतच त्याला म्हणाली. "मला सगळं परत उघडावं लागेल."

आता हा चिडणार, नाहीतर समजूतदारपणाचं हसून गाडी दुसरीकडे नेणार, या तयारीनं ती उभी होती. तो क्लॅरिनेट खाली ठेवून उठला.

"उघडा," तो म्हणाला. "बोल्ट मी हातात धरू का? क्रमानं?"

दुपार त्यात गेली. ती एकेक बोल्ट काढत होती, तो हातरुमालावर ओळीनं मांडत होता. मधूनच बोटांना बोटं लागत, आणि दोघंही तो बोल्टचाच दोष असल्यासारखं बोल्टकडे बघत. मॅनिफोल्ड निघाला. तिनं टॉर्चच्या उजेडात सहाही तोंडं एकेक करून तपासली. सगळी रिकामी.

तेवढ्यात खुर्चीवरून खाकरल्याचा आवाज आला. वडिलांनी घाम पुसायला झोळीतून काहीतरी काढलं होतं आणि ते हातातल्या वस्तूकडेच बघत राहिले होते. सहावं फडकं. सकाळी चष्मा पुसायला उचललं, आणि गेलं झोळीत.

मग आधी तो हसला, मग ती, आणि शेवटी वडील... प्लॅस्टर दुसऱ्या हातानं धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मोजायला तुला मीच शिकवलं," ते हसू ओसरल्यावर म्हणाले. "आणि मीच मोजायचं विसरलो. मित्राला निरोप धाड, म्हणावं गॅरेज द्यायचं नाही. इथं मालकीण आहे."

तिनं नुसतं नवं गॅस्केट उचललं आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. शिट्टी नाही, थरथर नाही. खोल, भरदार, तृप्त आवाज. तो कान देऊन ऐकत राहिला. "गेली," म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, पण पुरता नव्हता. तिलाही का कोण जाणे, ती फालतू शिट्टी हवीशी वाटली.

संध्याकाळी आत्या आली. ताठ कणा, पांढरे आखूड केस, हातात काठी. आत्यानं तिला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि भाच्याला गॅरेजमध्येच उभं ठेवून चढाचा रस्ता धरायला सांगितला. शेवटच्या वळणानंतर तिनं गाडी पळवली तेव्हा आत्यानं डोळे मिटले आणि आपल्या हातानं हवेतच गिअर बदलला.

"हात चांगला आहे तुझा," आत्या म्हणाली. "माझा भाचा रोज घरी येऊन नळ्यांबद्दल बोलतोय. जेवताना नळ्या, उठता-बसता नळ्या. बाई गं, नळ्यांबद्दल इतकं कुणी बोलत नाही."

तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. पण परत येताना तिचा एक गिअर चुकला, आणि आत्यानं तो ऐकला.

गाडी गेली. गॅरेजमध्ये जागा रिकामी झाली. तिनं दोन दिवस दुसरी कामं केली आणि दोन्ही दिवस, कुणी काही विचारलं नसताना, पाना बाजूला ठेवून हातवारे करायला तिचे हात उठले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हात साबणानं दोनदा धुतले आणि त्याच्या दुकानाचा जिना चढली.

खोली लहान होती. भिंतीवर पितळी वाद्यं उलटी टांगलेली, खिडकीतून ऊन, लाकडाचा आणि मेणाचा वास. तो सॅक्सोफोनच्या नळकांड्यात बारीकसा दिवा सोडून उजेड कुठून झिरपतोय ते शोधत होता. तिला पाहून गडबडीनं उठला.

"गाडीचं काही राहिलं का?"

"नाही." तिनं तिथलं स्टूल ओढून घेतलं. "चार दिवस तुम्ही माझं काम बघितलंत. आता मला तुमचं बघायचंय."

तो बसला. दिवा पुन्हा आत सोडला. तिनं विचारलं, ही गादी कशाची? हा उजेड दिसला की काय करायचं? आणि हे एवढंसं पातं? तो सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचे हात थांबत होते.

"आणखी एक विचारू?" ती म्हणाली. "गळती कुठे आहे ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गाडी ठेवून जाता आलं असतं. मग रोज का बसलात?"

"गळती कळली होती..." तो थांबला. "तुम्ही कळला नव्हतात."

"आणि आता?"

"थोड्या कळलात. म्हणून पंचाईत झालीये." त्यानं दिवा विझवून बाजूला ठेवला आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. "आता बाकीचं कळल्याशिवाय राहवणार नाही. आणि त्याला आयुष्य जाईल, असं दिसतंय. तुमची हरकत नसेल तर..."

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. ती त्याच्या बोटांकडे बघत होती.

"हरकत आहे," ती म्हणाली. "आयुष्य घालवायचं म्हणतोस, आणि अजून 'तुम्ही'च चाललंय तुझं?"

मग त्याच्या चेहऱ्यावर हसू उगवलं, आधी डोळ्यांत, मग सगळीकडे.

"तू..." तो म्हणाला, हळूच, नव्या वाद्याचा पहिला सूर लावून बघावा तसा. आणि पुढचं वाक्य विसरला.