सासूबाईंचा चिमटा

नर्सताई, शिशाच्या तपासणीला पोरीचं रक्त काढा, पण इथेच, पायरीवर. आत नको. का ते सांगते, हसू नका.

आमचं काम भंगारातल्या कॉम्प्युटरचं. आतल्या हिरव्या पाट्या शेगडीवर तापवायच्या, शिसं वितळलं की चिमट्याने एकेक भाग उचलायचा. सासूबाईंनीच शिकवलं. धुरात तोंडाला फडकं, बोलायची सोय नाही, म्हणून त्या पत्र्यावर चिमटा आपटायच्या. दोनदा आपटला तर खिडकी उघड. तीनदा आपटला तर हातातलं टाक आणि बाहेर पळ. फडकं सुटलं की मात्र तोंडाचा पट्टा सुरू! "अगं बये, नाक आहे का धुराडं?" फार जीव लावला हो मला. खोकून खोकून गेल्या.

पुढे मला सातवा लागला. धुराने शेजारी कावले, म्हणून नवऱ्याने खिडकीला चार खिळे ठोकले. मीही म्हटलं, थोडंच उरलंय, उरकून टाकू.

त्या दुपारी एकटीच होते. धूर कोंडला. गोडसर, कडवट वास घशात बसला, डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि पत्र्यावर टक... टक.

चिमटा माझ्याच हातात होता. घरात दुसरा नाही.

"आई...?"

कानाशी तोच खोकला. मग टक... टक... टक.

पोट धरून पळाले ते इथेच कोसळले. शुद्धीवर आले तर नवरा पांढराफटक.

"खिडकी कुणी उघडली?"

चारही खिळे उंबरठ्यावर ओळीने मांडलेले. सासूबाई स्क्रू काढले की अगदी तसेच मांडायच्या. मी ढसाढसा रडले.

शेगडी त्याच दिवशी गेली. आता नुसतं पेचकसाचं काम. पोर धडधाकट झाली, वजन तुम्हीच केलंत.

आता आठ महिन्यांची आहे. हातात चमचा दिला की पाळण्याच्या दांडीवर दोनदा आपटते. मी खिडकी उघडली की खुदकन हसते. कुणी शिकवलं नाही हं! मी म्हणते, आजीची नात शोभतेस.

पण आज सकाळी... खिडकी सताड उघडी होती. शेगडी नाही, धूर नाही. पोर माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या पाठीमागे बघत होती. आणि तिने चमचा आपटला. तीनदा.

आत काय आहे, मला नाही ठाऊक. पण सासूबाईंनी चिमटा कधी उगाच आपटला नाही.