जुळ्या वेशीची ओळखवही

भाऊबीज उलटली, तरी दादाचा संदेश आला नाही. हेमलता केळशीकरने ओवाळणीचं तबक नियंत्रणकक्षात तसंच झाकून ठेवलं होतं. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिचा थोरला भाऊ भालचंद्र ‘दीर्घिका’ यानात एकटा होता, प्रकाशालाही नऊ दिवस लागावेत इतका लांब. ऊर्जा पुरवून वापरायची म्हणून यान वर्षातून एकदाच बोलायचं आणि पठ्ठ्या गणित मांडून संदेश असा सोडायचा, की तो भाऊबिजेच्या दुपारीच पोचावा.

“पण ताई, काल चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या अँटेनावर आलं होतं काहीतरी,” सकाळी रियाझ मुजावर म्हणाला. तो केंद्रात नवा होता. अँटेनापलीकडचं फारसं जाणत नव्हता. “तुमच्यापर्यंत आलं नाही?”

हेमलताने नकारार्थी मान हलवली. केंद्राच्या जाळ्याची राखण तिच्याकडे होती. दारात दोन पहारेकरी संगणक, थोरली आणि धाकटी. मिळून जुळी वेस.

“वेशीने अडवलं असेल?” रियाझने विचारलं.

“आगंतुकाला ती अडवतेच. आतून आपण कुणाला हाक मारली, की त्याची नोंद ओळखवहीत होते. त्या हाकेचं उत्तर तेवढं आत येतं. दादाला पहिली हाक मीच मारली होती. ती नोंद अकरा वर्षं उघडी आहे.”

“आणि एक वेस बंद पडली तर?”

“म्हणून तर दोन. एक राखते, दुसरी तिची वही उतरवून घेत असते.”

“सारखी अख्खी वही?”

“छे! जी नोंद हलली, तेवढीच…”

बोलता बोलता ती थांबली. तिला खंडेनवमी आठवली.

यंत्रांना विश्रांती द्यायची केंद्राची जुनी रीत होती. नवमीला धाकटी बंद, दसऱ्याला थोरली. वर झेंडूची माळ. यंदा आरती लांबली आणि धाकटी सुरू व्हायला संध्याकाळ झाली. बंद केलेल्या वेशीची वही कोरी होते; अख्खी पुन्हा उतरवायला चौदा तास लागतात, आणि थोरलीच्या पूजेचा मुहूर्त सकाळी सातचा. हेमलताने ती पायरी गाळली. सकाळपर्यंत प्रत्येक जोडणी एकदा तरी बोलतेच, बोलली की तिची नोंद आपोआप उतरते, हा तिचा हिशेब. तो चुकीचाही नव्हता. वर्षातून एकदाच बोलणारी जोडणी अख्ख्या वहीत एकच होती. थोरली बंद झाली आणि तिच्याबरोबर ती नोंदही पुसली गेली.

तिने अडवलेल्यांची यादी उघडली. ‘चार वाजून दहा. दीर्घिका. लांबी दोन मिनिटं. आतून हाक नाही. निरोप देऊन परत.’

“निरोप म्हणजे तो तुमच्या आवाजातला?” रियाझने चाचरत विचारलं. त्यावरून तो तिला नेहमी चिडवायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वेशीचे निरोप तिने हौसेने स्वतःच्या आवाजात भरले होते: ‘इथून आपल्याला कुणीही हाक मारलेली नाही.’

“मग आत्ता नवी हाक मारू ना! मी अँटेना लावतो.”

“यान पहिल्या उत्तरापुरतंच कान उघडतं, रियाझ. नकार आला, तर जोडणी कायमची मिटवतं. तो नियमही आमच्याच खात्याचा.”

“आपली हाक आधी पोचली तर?”

“तो निरोप काल चारला निघालाय. आता अकरा वाजलेत. दोघांचा वेग एकच.”

हेमलताला रडू आवरलं नाही. ताटात काय काय होतं, हे ती दरवर्षी दादाला सांगायची. तेच ऐकायला तो नऊ दिवसांनी कान लावून बसणार होता.

तिने डोळे पुसले आणि ध्वनिग्राहक ओढला. “दादा, मीच हाक मारली होती रे. वही उतरवायची राहिली, ती माझ्याकडून. श्रीखंड केलं होतं.”

संदेश निघाला. ओळखवहीत नवी नोंद झाली: ‘दीर्घिका. आतून हाक. उत्तराची प्रतीक्षा.’ पुढच्याच क्षणी धाकटीने ती बिनचूक उतरवून घेतली.