बावीस अ‍ॅम्पियर

शहाद्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर, वायरिंग. गाडीत वीज कुठून येते आणि कुठे जाते ते शोधायचं, एवढंच माझं काम. ती जाते म्हणजे कुठेतरी जातेच, असं मी मागच्या ऑगस्टपर्यंत मानत होतो.

त्या महिन्यात प्रकाशा गावचा धर्मेंद्र पटेल गाडी घेऊन आला. केळीचा बागायतदार, घरचा बरा, तोंडाने तिखट. गाडी म्हणजे जुनी खासगी रुग्णवाहिका. त्याने ती विकत घेतली, स्ट्रेचर काढून मागे बाक बसवला, वर राखाडी रंग मारला. मागच्या भागासाठी वेगळा एसीही लावला.

"बॅटरी टिकत नही, हिलालभाऊ," तो म्हणाला. "दोन बदली टाक्यात."

बॅटरी चार्ज करणारा मूळचा अल्टरनेटर पासष्ट अ‍ॅम्पियरचा होता, आणि एवढ्या सामानाला तो पुरणं शक्यच नव्हतं. मी एकशेवीसचा बसवला. चार्जिंगची केबल जाड टाकली, अर्थिंग नवीन केलं, बेल्ट बदलला. एसी, पंखे, दिवे सगळं एकदम चालू करून मीटर लावला. चौदा पॉइंट दोन व्होल्ट, म्हणजे चार्जिंग चोख. आकडा हलेना. धर्मेंद्र खूश होऊन गेला.

नवव्या दिवशी गाडी ट्रॅक्टरला बांधून आली.

"आठ दिन बी नही व्हयनात नि बॅटरी परत बठी गयी! तुम्हले काम येत नही व्हई ते सरळ सांगा."

गल्लीतली चार माणसं बघायला थांबली. मी त्याला पाठवून दिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

बॅटरी चार्ज करून जोडली. चावी बंद, सगळे दिवे बंद. केबलभोवती क्लॅम्प मीटर लावला. बंद गाडीत घड्याळापुरता थोडासा करंट जातो. इथे बावीस अ‍ॅम्पियर जात होता. मी एकेक करून सगळे फ्यूज काढले. बावीस. नव्या अल्टरनेटरची तार सोडवली. तरी बावीस.

मग वायर हाताने चाचपत गेलो. एक जाड लाल वायर कोमट लागली. बॅटरीपासून ती सरळ मागे जात होती, ड्रायव्हरच्या सीटमागे तिला प्लगसारखा एक जोड होता आणि पुढे ती मॅटखालून बाकाकडे गेली होती. बाकाखाली तिचं टोक सापडलं. काळ्या टेपने गुंडाळलेलं. टेप सोडली. आत कापलेल्या तांब्याच्या तारा. त्या कशालाच टेकलेल्या नव्हत्या. मी टोक हवेत धरलं आणि त्याच्या वीतभर अलीकडे मीटर लावला.

बावीस.

दुसरा मीटर आणला. त्यावरही तेच. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर उकाडा, माझा शर्ट पाठीला चिकटलेला. मागच्या भागात डेटॉलचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी एक वास. दुधाचा, थोडा आंबट.

मी मागे बसूनच डाव्या हाताने सीटमागचा जोड ओढून सोडवला. उजवा हात बाकावर टेकला होता.

मीटर शून्यावर आला. आणि गाडीत थंडी पडली. श्वासाची वाफ दिसू लागली. बाकावरच्या हाताची बोटं बधिर झाली, नखं निळी पडली. मी हात उचलायला गेलो तर उचलेना. मनगट कोणीतरी धरलं होतं. पाचही बोटं मला मोजता येत होती. जोर असा की हाडं एकमेकांवर घासली.

"सोड..." मी म्हणालो. कोणाला म्हणालो?

पकड आणखी आवळली. मी डाव्या हाताने चाचपडत जोड शोधला, दोनदा हुकला, तिसऱ्यांदा खटकन बसला. मीटरवर बावीस आलं. हात सुटला.

ही गाडी रुग्णवाहिका म्हणून चालायची तेव्हा तिच्याबरोबर निर्मलाबाई नावाच्या नर्स जायच्या. मूळच्या चिंचपाड्याकडच्या, आता शहाद्यातच राहतात. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. लाल वायरीचं नाव काढताच त्या दार लावू लागल्या. मग त्यांना माझं मनगट दिसलं. तिथे काळेनिळे वळ उठले होते.

"तोरणमाळहून उतरत होतो," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "जानेवारी. बाळ दीड किलोचं. त्याला ऊब द्यायची पेटी होती, ती त्या वायरीवर चालायची. घाटात अल्टरनेटरने चार्ज करणं सोडलं. हेडलाइट विझत आले. ड्रायव्हर ओरडला, पेटी बंद करा, नाहीतर सगळे दरीत जाऊ... बटण अडकलं होतं. मी ड्रेसिंगच्या कात्रीने वायर कापली."

"आणि आई?"

"तिने माझा हात धरला. असाच. मी हिसका देऊन सोडवला." त्यांनी पदर मनगटावर ओढून घेतला. "खाली म्हसावद यायच्या आत बाळ गेलं. तिसऱ्या दिवशी ती... तुम्ही वायर काढली नाही ना?"

"नाही."

"मग काढू नका. आणि परत इथे येऊ नका."

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र आला. मी त्याला म्हणालो, "ती वायर ऱ्हावू द्या, भाऊ. तिच्यासाठी वेगळी बॅटरी बसाडी देस." का, ते विचारल्यावर सगळं सांगितलं. तो हसला. मग त्याचा चेहरा बदलला.

"मले भूतन्या गोष्टी सांगी ऱ्हायनात का? काम जमनं नही म्हणीसन? पुरा बाजारमा सांगस, हिलाल चोर शे!"

सव्वीस वर्षांत मला कोणी चोर म्हटलं नव्हतं. डोकं फिरलं. मी पक्कड घेतली, गाडीत शिरलो आणि ती वायर बॅटरीपासून मुळासकट उपसून काढली. गुंडाळी करून त्याच्या अंगावर फेकली. काय करतोय ते मला ठाऊक होतं. त्याला पटलेलं नव्हतं. गाडीत थंडी आली, पण या वेळी मला कोणी धरलं नाही.

त्यानंतर बॅटरी कधी उतरली नाही.

मे महिन्यात धर्मेंद्र आईला, जसोदाबाईंना, घेऊन लग्नाला नंदुरबारला निघाला. चव्वेचाळीस डिग्री ऊन. म्हातारीला एसी सोसत नाही म्हणून तो बंदच होता. ती एकटी मागे बाकावर. नंदुरबारला उतरताना त्याने पाहिलं, मागच्या काचा आतून धुक्याने भरलेल्या, आणि आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फासारखे. डॉक्टरांना कारण सापडेना. धर्मेंद्रने गाडी भंगारात दिली. आईचे हात मात्र गरम होईनात.

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला. खाली बघून म्हणाला, "आईनी तुम्हले बलायेल शे."

जसोदाबाई भर दुपारी अंगणात उन्हात बसल्या होत्या. मांडीवर गोधडी, उजवा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला. मी वाकून नमस्कार केला.

"वायर तूच काढी ना?" त्यांनी विचारलं.

मी धर्मेंद्रकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याने सांगितलं नव्हतं.

"हो, काकू."

"बठ. हात पुढे कर."

आवाजात माया नव्हती. मी हात पुढे केला. त्यांनी तो आपल्या थंडगार बोटांनी ओढून गोधडीखाली नेला. तिथे काही नव्हतं. नुसती थंडी, आणि तिला वजन होतं, दीडेक किलोचं.

"आते थोडा येळ तू धर," त्या म्हणाल्या.

मी हात हिसकून घेतला आणि मोटारसायकल काढली. मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी दुकानाबाहेर उभा असताना धर्मेंद्रचा फोन आला. तो रडत होता. आईचे हात गरम झाले होते.

"बरं झालं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. शेजारचा टायरवाला बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"हिलालभाऊ," तो म्हणाला, "हात असा छातीपाशी का धरेल शे?"