न्हावऱ्याच्या पोरीचा एकच प्रश्न

"पान उलटू नका... माझं अजून व्हायचंय."

सुषमानं मान वर केली. दौंड–शिरूर गाडी नुकतीच न्हावऱ्याच्या थांब्यावरून हलली होती. वरच्या दांडीला धरून एक उंच मुलगा उभा होता. खांद्याला डब्याची पिशवी, आणि नजर सरळ तिच्या मांडीवरच्या कादंबरीत. बाहेर उसावर धुकं पसरलेलं. आत हा फुकट वाचक.

"माझं पुस्तक वाचताय तुम्ही?"

"लायब्ररीचं हाय. शिक्का दिसतोय की."

थोर प्रेमकथांमध्ये या ठिकाणी ओढणी उडते. इथे खिडकीची काच अडकून बसलेली असल्यामुळे वारा नव्हता. तरीही सुषमानं पान उलटलं नाही, आणि याचं तिचं तिलाच नवल वाटलं. कारण शिरूरच्या कॉलेजात तिच्याइतकं भरभर वाचणारं कुणी नव्हतं. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

मुलाचं नाव संपत. वरवंडचा. रांजणगावच्या कारखान्यात कामाला, म्हणून रोज याच गाडीनं शिरूर गाठून तिथून पुढं जायचा. त्या हिवाळ्यात तो रोज तिच्या सीटजवळ उभा राहिला. पुढे जागा रिकामी झाली तरी बसेना; उभ्या माणसाला वरून पान चांगलं दिसतं. वाचायचा मात्र ओठ हलवत, बैलगाडीच्या चालीनं.

"एवढं हळू?" एकदा सुषमा म्हणाली. "शाळेत पण असंच वाचायचा का?"

"शाळेत वाचायला एवढी चांगली जागा नव्हती..."

सुषमा खिडकीबाहेर बघू लागली. त्या सकाळी शिरूर येईपर्यंत तिच्या दोनच ओळी झाल्या, त्याही कळल्या नाहीत.

आता सुषमाच्या प्रश्नाबद्दल सांगायला हवं, कारण तो शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत प्रसिद्ध होता. बघायला आलेल्या मुलाला ती चहाच्या आधी विचारायची – "सध्या काय वाचताय?" उत्तर पटलं नाही तर स्थळ चहा पिऊन परत.

तिचे वडील म्हस्कूआबा. अर्धं आयुष्य मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेला माणूस. आता कांदा आणि दोन म्हशी. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण हॉटेलात बसून ते सांगायचे, "नवरदेवाला इचारायचं काय, ते माझी पोर ठरवती. तुमच्या पोरी इचारत्यात का?" एखादं स्थळ परत गेलं की त्यांची मान आणखी ताठ व्हायची.

स्थळं आणणारे तात्याबा मामा व्यवहारी. आपली स्थळं फुकट जातात म्हटल्यावर त्यांनी सगळ्या मुलांना एकच उत्तर शिकवून ठेवलं.

"सध्या काय वाचताय?"

"चरित्र."

"कुणाचं?"

"थोर पुरुषाचं."

एकानं तर "दोन्ही भाग" असंही सांगितलं.

शेवटी दौंडची अनसाआत्या भडकली. तिनं भावाला बजावलं, "दादा, औंदाचं हे शेवटचं स्थळ हिच्या प्रश्नाचं. हे फिसकटलं की पुढचं मी बघणार. आन् माझ्या स्थळाला पोरी प्रश्न इचारत न्हाईत." म्हस्कूआबा गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे होकार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

याच सुमारास एका सकाळी गाडीत, कादंबरीतली बाई भोक पडलेल्या होडीत बसून पुरात निघाली असताना, संपत अगदी हळू म्हणाला, "तात्याबा मामांना... तुमच्याकडं पाठवू का?"

सुषमाचे कान गरम झाले. "पाठवा. पण आमच्याकडं प्रश्न असतो."

"ऐकलंय."

"तुम्हाला सूट न्हाई."

"मी कुठं मागितली..."

चरित्र म्हणू नका, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. तिनं सांगितलं नाही. आपणच पढवलेलं उत्तर पुन्हा आपणच ऐकायचं, यातली ती नव्हती. त्याच संध्याकाळी बघण्याचा दिवस ठरला, आणि ज्या गाडीत नवरदेव त्या गाडीत मुलीनं बसणं बरं दिसत नाही म्हणून आत्यानं तिचं कॉलेज आठवडाभर बंद केलं.

रविवारी संपत आला. सोबत आई धुरपदाबाई आणि तात्याबा मामा. सुषमाला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. दोन्ही सगळ्यांना माहीत होतं. मग म्हस्कूआबांनी पटका नीट केला. "आता आमची पोर इचारील."

सुषमानं संपतकडं पाहिलं. आज तो उभा नव्हता, त्यामुळे डोळे पहिल्यांदाच एका पातळीवर आले. आवाज तिनं मुद्दाम कोरडा ठेवला.

"सध्या काय वाचताय?"

तात्याबा मामांचे ओठ आपोआप हलले. संपतनं त्यांच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"चरित्र म्हणायला सांगितलंय मामांनी."

मामा बंद पंख्याकडं बघू लागले.

"पण खरं म्हंजी सध्या काहीच न्हाई. एक बाई फुटक्या होडीत बसून निघाली हुती... तिथनं पुढं पुस्तक माझ्याकडं न्हाई. तुम्ही काय वाचताय?"

हा प्रश्न आजवर एकाही स्थळानं तिला विचारला नव्हता.

"तीच कादंबरी," सुषमा म्हणाली.

"मंग? पोचली का बाई?"

"माहीत न्हाई."

"अगं, आठवडाभर पुस्तक उशाला घिऊन झोपतीस," अनसाआत्या मध्येच म्हणाली, "आन् माहीत न्हाई?"

खोलीत सगळे तिच्याकडं बघत होते. सुषमानं मान खाली घातली नाही.

"एकटीनं पुढं जावंसं वाटलं न्हाई..."

दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्यात भरभर वाचणाऱ्या मुलीनं हे चारचौघांत सांगितलं. लाजला तो संपत. पोह्यांच्या बशीत त्याला एकाएकी बघण्यासारखं बरंच काही सापडलं. तात्याबा मामांनी काम झालं असं समजून सुपारीकडं हात नेला.

"थांबा मामा," धुरपदाबाई म्हणाल्या. "सुपारी कुठं पळत न्हाई. त्या बाईचं काय झालं त्ये आधी कळू द्या."

म्हस्कूआबा ताठ बसले. "सुषे, आण पुस्तक."

ती वाचू लागली. पुराचं पाणी होडीत शिरलं, बाई ओंजळीनं ते उपसू लागली, सुपारी तशीच राहिली. प्रत्येक वाक्य संपलं की म्हस्कूआबा मिशीवरून हात फिरवायचे आणि सगळ्यांकडं असं बघायचे, जसं काही पुस्तक त्यांनीच लिहिलंय.

आणि दौंडची अनसाआत्या पदर सावरत पुढं सरकली.

"जरा दमानं वाच गं," ती म्हणाली. "पाणी कुठवर आलंय त्ये कळू दे."